केन ग्रिफी ज्युनियरची कार्डं: सहकाऱ्याकडचा जुना खोका घ्यावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर लक्षात येईल. तुम्ही सिएटलजवळ राहता. मुलगा अकरा वर्षांचा, तिथल्या मरिनर्स या बेसबॉल संघाचा भक्त, आणि त्याला संघाचा माजी खेळाडू केन ग्रिफी ज्युनियर याची कार्डं जमवायची आहेत. ऑफिसातला एक सहकारी अपर डेक या कंपनीच्या १९८९ सालच्या कार्डांचा एक न उघडलेला खोका आणि त्याच संचातल्या ग्रिफीच्या रूकी कार्डाच्या (खेळाडूच्या पहिल्या वर्षाच्या कार्डाच्या) सहा सुट्या प्रती एकगठ्ठा विकायला तयार आहे. वर्षाला हजार डॉलरपर्यंत खर्चाची तयारी आहे. घ्यावं का, सुटी कार्डं ग्रेडिंगला (कंपनीकडून तपासून १ ते १० असा दर्जा घ्यायला) पाठवावीत का, आणि पुढे यांची किंमत वाढेल का, असं तुम्ही विचारलंय.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. ग्रिफीचा संग्रह करणं वेगळं आणि ग्रिफीच्या कार्डांत पैसे गुंतवणं वेगळं. दोन्हींसाठी कार्डं वेगळी, खरेदीची पद्धत वेगळी आणि हिशेबही वेगळा. तुम्ही नक्की कशासाठी घेताय हे मला ठाऊक नाही, त्यामुळे काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी सांगतो.

सगळ्यांच्या तोंडी असतं ते कार्ड म्हणजे १९८९ अपर डेक, क्रमांक १. कंपनीचा तो पहिलाच संच. ७०० कार्डं आधी आली, आणखी १०० त्याच मोसमात मागाहून. बाकीच्या कंपन्यांपेक्षा कागद पांढरा आणि जाड, दोन्ही बाजूंना रंगीत फोटो, मागे होलोग्राम आणि फॉइलचं पाकीट, त्यामुळे किंमतही जास्त. पहिला क्रमांक कंपनीने ज्याला दिला त्या पोराने तोवर मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा, एकही सामना खेळलेला नव्हता. फोटोतली टोपीसुद्धा मुळात सॅन बर्नार्डिनो स्पिरिट या मायनर लीग संघाची आहे, छपाईआधी रंगवून ती मरिनर्सची केली. ३ एप्रिल १९८९ ला ओकलंडमध्ये ग्रिफी पहिला सामना खेळला, आणि पुढे ६३० होमरन, १९९७ चा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू), २०१६ मध्ये ९९.३ टक्के मतांनी हॉल ऑफ फेम. कंपनीचा अंदाज इतका अचूक ठरला की त्या पिढीच्या संग्राहकांसाठी हेच कार्ड त्या दशकाची ओळख बनलं.

पण हे कार्ड दुर्मिळ नाही. पीएसए या ग्रेडिंग कंपनीने आजवर याच एका कार्डाच्या ८०,००० हून जास्त प्रती तपासल्या आहेत, आणि न तपासलेल्या घराघरांतल्या खोक्यांत पडून आहेत. १९८९ च्या सुमारास सगळ्याच कंपन्यांनी बेसुमार छापलं आणि लोकांनी ते ‘पुढे सोनं होईल’ म्हणून जपून ठेवलं. तेव्हा या कार्डाची किंमत दोन गोष्टींवर उभी आहे: एक, ते हवं असणारे लोक कायम आहेत. दोन, निर्दोष प्रती कमी आहेत. सुट्या साध्या प्रती मात्र कधीच कमी पडणार नाहीत. हे पक्कं डोक्यात ठेवलंत तर सहकाऱ्याच्या गठ्ठ्याचं मोल करणं सोपं जाईल.

आधी ती सहा सुटी कार्डं. बघायला जाताना १० पट भिंग, मिलिमीटरची बारीक पट्टी, लहान एलईडी टॉर्च, आणि याच संचातलं कुठल्याही किरकोळ खेळाडूचं एक अस्सल कार्ड बरोबर न्या. शेवटची वस्तू सगळ्यात महत्त्वाची. दुकानात काही सेंटला मिळते. या ग्रिफीच्या नकली प्रती बाजारात अनेक वर्षांपासून फिरतायत आणि त्या ओळखायला शेजारी अस्सल नमुना ठेवणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. दोन्ही कार्डं एकमेकांवर ठेवून आकार जुळतो का पाहा (६३.५ बाय ८८.९ मिमी), जाडी आणि ताठपणा बोटाला सारखा लागतो का पाहा. मग भिंगाखाली नाव आणि इतर काळी अक्षरं बघा. अस्सल कार्डात फोटो रंगीत ठिपक्यांच्या जाळीचा असतो, पण काळी अक्षरं एकसंध, कडा स्वच्छ. नकली कार्ड बहुतेक वेळा स्कॅन करून छापलेलं, म्हणून अक्षरांच्या कडांवरही तेच रंगीत ठिपके दिसतात. त्यानंतर मागचा होलोग्राम टॉर्चखाली तिरका करा. अस्सल होलोग्रामात कार्ड हलवलं की चित्र बदलतं, उजळतं, मावळतं. नकलेवर नुसता चकचकीत चंदेरी तुकडा असतो. निळ्या अतिनील दिव्याची चाचणी लोक सुचवतात, पण ती दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कागदासाठी उपयोगी. १९८९ चा अस्सल कागदही त्या दिव्याखाली चमकू शकतो, म्हणून त्यावर निर्णय घेऊ नका.

अस्सल ठरलं की स्थिती. मी क्रमाने चार गोष्टी बघतो: सेंटरिंग, कोपरे, कडा, पृष्ठभाग. सेंटरिंग म्हणजे छापील चौकट कार्डाच्या मध्यभागी आहे का. समोरची डावी आणि उजवी पांढरी कड मोजा. समजा दोन्ही मिळून ४ मिमी भरल्या. २.२ आणि १.८ आल्या तर ते ५५/४५, पीएसएच्या सर्वोच्च १० दर्जासाठी आज जवळपास एवढीच सूट आहे. २.४ आणि १.६ म्हणजे ६०/४०, १० ची आशा सोडा. अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला फरक आहे हा, म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. वर-खालीही असंच मोजा. मागच्या बाजूला नियम सैल असतात, साधारण ७५/२५ पर्यंत चालतं.

कोपऱ्यांत या कार्डाचं खास दुखणं आहे. क्रमांक १ असल्यामुळे छपाईच्या मोठ्या तावावर त्याची जागा अगदी कोपऱ्यात होती, त्यामुळे ताव हाताळताना आणि कापताना मार याच कार्डाला जास्त बसला. पूर्ण संचाच्या खोक्यातही क्रमाने लावलं की हे टोकाला येतं आणि पुठ्ठ्यावर घासतं. भिंगाखाली चारही कोपरे समोरून आणि मागून बघा. टोकाला पांढरा धागा सुटल्यासारखा दिसला तर तो दर्जा ८ किंवा त्याखाली. कडेवर मागच्या बाजूने बारीक टवके पाहा. शेवटी कार्ड टॉर्चला तिरपं धरा, प्रकाश जवळजवळ कार्डाच्या पातळीत येऊ द्या. सरळ प्रकाशात न दिसणारे ओरखडे, बोटांचे ठसे, छपाईच्या उभ्या रेषा आणि हलके खड्डे तेव्हाच दिसतात.

एक इशारा. चारपैकी तीन कोपरे जुनाट आणि एक कड मात्र वस्तऱ्यासारखी ताजी दिसली, किंवा कार्ड बरोबरच्या नमुन्यापेक्षा केसभर अरुंद भरलं, तर ते कापून ‘सुधारलेलं’ असण्याची शक्यता आहे. असं कार्ड ग्रेडिंग कंपनी दर्जा न देता परत करते. फी परत मिळेलच असं नाही.

आता ग्रेडिंगचा हिशेब. पीएसएने तपासलेल्या ८०,००० हून जास्त प्रतींत १० दर्जा मिळालेल्या चार हजारांच्या आसपास, म्हणजे वीसात एक. आणि पाठवणाऱ्या लोकांनी आपापल्या खोक्यांतून निवडून, चांगली वाटलेलीच कार्डं पाठवलेली असतात, तरी वीसात एक. शिवाय तुमच्या हाती येणारं सुटं कार्ड गेल्या पस्तीस वर्षांत कुणी ना कुणी भिंगातून पाहिलेलं असतं. १० मिळेल असं वाटलं असतं तर त्यानेच पाठवलं असतं. म्हणून सुट्या कार्डाची किंमत करताना ते ८ निघेल असं धरूनच करावी.

प्रमाण कळावं म्हणून काल्पनिक आकडे घेऊ, खरे भाव तुम्ही त्या दिवशीचे बघा. सुटं कार्ड ६० डॉलरला घेतलं, ग्रेडिंग आणि टपाल मिळून ३५. एकूण ९५. ९ दर्जा मिळून १५० ला विकलं गेलं, तर ईबेसारख्या ठिकाणी साधारण १३ टक्के कापून हाती १३०. पस्तीस डॉलर सुटले. ८ मिळून ८० ला गेलं तर हाती ७०, म्हणजे २५ चा तोटा. ९ आणि १० च्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो म्हणून सगळे १० च्या मागे धावतात, पण तो वीसात एक आहे. सहाच्या सहा पाठवू नका. मोजमापात पास झालेली एक किंवा दोन पाठवा. बाकीची सुटीच राहू द्या, त्यांत काही कमी होत नाही.

तयार ग्रेड केलेलं, म्हणजे स्लॅबमधलं कार्ड घ्यायचं झालं तर लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक पीएसएच्या संकेतस्थळावर टाकून बघा आणि तिथे फोटो असेल तर समोरच्या कार्डाशी ताडून पाहा. नुसता क्रमांक जुळणं पुरेसं नाही, कारण खोट्या स्लॅबवर खरा क्रमांक छापता येतो. सेंटरिंगची ठेवण, एखादा छपाईचा ठिपका, यांवरून प्रत पटते. डबीच्या कडा ध्वनिलहरींनी जोडलेल्या असतात. तिथे पांढुरके डाग, तडे किंवा गोंदाचा माग असेल तर हात लावू नका. आणि ९ दर्जाची दोन कार्डं सारखी नसतात. एक जवळजवळ १०, दुसरं कसंबसं ९. किंमत एकच असेल तर चांगलं सेंटरिंग असलेलं निवडा. आकड्याला नव्हे, कार्डाला पैसे द्या. हा नियम मुलालाही पहिल्या दिवसापासून शिकवा.

न उघडलेल्या खोक्याबद्दल मी जास्त सावध आहे. खोक्यात ३६ पाकिटं, प्रत्येकात १५ कार्डं, म्हणजे ५४० कार्डं. पहिल्या संचात ७०० वेगवेगळी. सगळी सारख्या प्रमाणात मिसळली आहेत असं धरलं तरी एका खोक्यात सरासरी एकही ग्रिफी पुरता येत नाही, आणि आला तरी तो वर सांगितलेल्या दुखण्यासह येतो. खोक्याची किंमत त्यातल्या कार्डांची नसते, उघडण्याच्या उत्सुकतेची असते. दुसरं असं की पाकिटं उघडून, ग्रिफी काढून, पुन्हा चिकटवता येतात. पाकिटाची मागची शिवण सगळ्यांची एकसारखी आहे का, कुठे गोंदाचा चमकदार पट्टा आहे का, टोकांच्या दातेरी कडा एका सरळ रेषेत आहेत का, ते बघा. इंडियानातली बेसबॉल कार्ड एक्स्चेंज ही कंपनी असे खोके तपासून आपल्या प्लॅस्टिकमध्ये सील करून देते. ते सील नसेल तर खोक्याला साध्या कार्डांपेक्षा जास्त मोल देऊ नका. मुलाबरोबर बसून पाकिटं फोडण्याची मजा हवी असेल तर जरूर घ्या, त्यात काही वाईट नाही. रँडी जॉन्सन (क्र. २५), जॉन स्मोल्ट्झ (क्र. १७) आणि क्रेग बिजिओ (क्र. २७३) यांची कार्डं याच संचात आहेत, म्हणजे ग्रिफी नाही निघाला तरी हॉल ऑफ फेममधलं कुणीतरी बहुधा निघेल. फक्त तो खर्च करमणुकीच्या खात्यात लिहा.

आता मुलाच्या संग्रहाचं बोलू, कारण माझ्या मते खरा आनंद इथे आहे. १९८९ साली ग्रिफीची रूकी कार्डं एकट्या अपर डेकची नव्हती. फ्लीअर क्र. ५४८, डॉनरस क्र. ३३, बोमन क्र. २२०, टॉप्स ट्रेडेड क्र. ४१टी, स्कोअर ट्रेडेड क्र. १००टी. ही पाच सुटी, नीटस स्थितीत, अपर डेकच्या एका चांगल्या प्रतीहून कमी पैशांत येतात, आणि अपर डेक धरून सहा रूकी कार्डांचा गट मुलाच्या हाती पूर्ण होतो. प्रत्येकाची खोड वेगळी. डॉनरसच्या गडद कडांना जरासा टवका गेला तरी पांढरा दिसतो, म्हणून तिथे कडा आधी पाहा. १९८९ चं बोमन नेहमीपेक्षा उंच आहे, २.५ बाय ३.७५ इंच. साध्या नऊ खणांच्या पानात किंवा नेहमीच्या टॉपलोडरमध्ये (कडक प्लॅस्टिकच्या खिशात) कोंबलं तर वरचा कोपरा मोडतो, त्याला मोठा टॉपलोडर घ्या. टॉप्स ट्रेडेडची टिफनी नावाची चकचकीत आवृत्ती कमी छापली गेली आणि ती बरीच महाग आहे. विक्रेता साधं कार्ड टिफनी म्हणून दाखवत असेल तर साध्या ४१टी शेजारी ठेवून चमक आणि मागच्या कागदाचा पांढरेपणा ताडून बघा.

एका गोष्टीत नवखे हमखास फसतात. १९८९ च्या टॉप्सच्या मुख्य संचात ग्रिफी नव्हताच. १९९० चं टॉप्स क्र. ३३६ आहे, आणि त्यावर ‘ऑल-स्टार रूकी’चा चषक छापलेला असल्यामुळे लोक ते रूकी कार्ड म्हणून विकतात. ते त्याच्या दुसऱ्या वर्षाचं कार्ड आहे आणि ढिगाने मिळतं. छान दिसतं, घ्या, पण त्याच्या भावाने.

गुंतवणुकीचा विचार खरंच असेल तर माझं लक्ष नव्वदच्या दशकातल्या मर्यादित छपाईच्या कार्डांकडे जातं. तिथे टंचाई खरी आहे. १९९३ टॉप्स फाइनेस्टचं रिफ्रॅक्टर (इंद्रधनुषी चकाकीची आवृत्ती, क्र. ११०) सुमारे २४१ प्रतींत छापल्याचं मानलं जातं. १९९६ सिलेक्ट सर्टिफाइडची मिरर रेड ९० प्रती, मिरर ब्लू ४५, मिरर गोल्ड ३०. १९९८ डॉनरस क्रुसेडची हिरवी २५०, जांभळी १००, लाल २५. १९९८ मेटल युनिव्हर्सची प्रेशस मेटल जेम्स ५०. ही कार्डं वर्षाला हजार डॉलरच्या अंदाजात बहुतेक बसणार नाहीत, पण दोन वर्षं थांबून एक चांगलं घेणं हे वीस किरकोळ घेण्यापेक्षा मी बरं समजतो. यात दोन धोके. त्या काळच्या क्रोम आणि फाइनेस्ट कार्डांच्या चकचकीत पृष्ठभागांना वयाने हिरवट झाक चढते. फोटोत ती कळत नाही, म्हणून दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मागा. दुसरा धोका असा की वरची सिलेक्ट आणि डॉनरस क्रुसेड कार्डं काढणारी पिनॅकल कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्या काळातली प्रतीचा अनुक्रमांक (कितीपैकी कितवी प्रत ते) न घातलेली कार्डं कारखान्याच्या मागच्या दाराने बाजारात आली. जिथे अनुक्रमांक हवा तिथे तो नसेल, तर विक्रेत्याने कितीही सुंदर कहाणी सांगितली तरी ते वेगळं, स्वस्त कार्ड समजा.

भाव ठरवताना मागितलेली किंमत बघू नका. ईबेवर ‘विकलेले’ निवडून त्याच दर्जाच्या शेवटच्या आठ-दहा विक्री पाहा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची बाजूला ठेवा, मधल्यांवर जा. तुमच्या भागात ग्रिफीवर माया जास्त. टी-मोबाइल पार्क या मरिनर्सच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे, २४ क्रमांक निवृत्त केलेला. त्यामुळे स्थानिक दुकानात आणि प्रदर्शनात भाव चढा असतो. उलट सिनसिनाटी रेड्सच्या काळातली, म्हणजे २००० ते २००८ मधली त्याची कार्डं तिथे दुर्लक्षित असतात, आणि काही फार देखणी आहेत. मुलाला त्या खोक्यांत हात घालू द्या.

साठवणीबद्दल थोडक्यात, कारण इथे खर्च कमी आणि नुकसान मोठं. कार्ड आधी मऊ पातळ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये. स्लीव्हमध्ये घालताना कोपरा तोंडावर अडकतो, म्हणून स्लीव्हचं तोंड किंचित उघडून कार्ड तिरपं सरकवा. ग्रेडिंगला पाठवताना टॉपलोडर नको, कार्ड सेव्हर १ हा अर्धलवचिक खिसा वापरा. चिकटपट्टी लावायची तर रंगकामाची निळी, दुसरी नाही, आणि तीही खिशाच्या बाहेरून. फायलीसाठी पीव्हीसी नसलेली पानं आणि डी आकाराच्या कड्यांची फाइल घ्या, गोल कड्यांत पहिल्या पानांच्या कार्डांवर वळ उमटतात. जुने स्क्रूने आवळायचे ठोकळे वापरू नका, दाबाने कार्ड चपटं होतं आणि ग्रेडिंगवाले ते बदललेलं मानू शकतात. रबरबँड तर कधीच नको. काही कार्डं डोंबिवलीला आजी-आजोबांकडे ठेवायचा विचार तुम्ही लिहिलाय. पावसाळ्यात तिथल्या दमटपणाने चकचकीत कार्डं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई निघते. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून, दर पावसाळ्याआधी ती बदलली तरच न्या.

अमेरिकेत विकायची वेळ आली तर हेही माहीत असू द्या की वर्षाहून जास्त ठेवलेल्या अशा संग्रहणीय वस्तूंच्या नफ्यावर शेअरपेक्षा वेगळा, कमाल २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागतो. म्हणून घेतल्याच्या पावत्या, ग्रेडिंगची बिलं, टपालखर्च, सगळं पहिल्या कार्डापासून एका वहीत लिहा.

तुमच्या जागी असतो तर सहकाऱ्याला मी असं म्हटलं असतं: सहा कार्डं मला भिंगाखाली बघू दे, खोका वेगळा ठेव, दोन्हींचा भाव वेगवेगळा सांग. एकगठ्ठा भावात कशाचे पैसे दिले हे कधीच कळत नाही. तो वेगळे करायला तयार नसेल तर नको म्हणा. हे कार्ड पुढच्या शनिवारी कुठल्याही प्रदर्शनात दहा टेबलांवर मिळेल.